टणटण, बदबद आणि वाळलेली बाळी

फेब्रुवारी उजाडला की चौक, खालापूर, खोपोली या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आणि इकडे कर्जत-नेरळ रस्त्यावर कलिंगडांचे ढीग लागतात. गाड्या थांबतात, माणसं उतरतात आणि मग एक विधी सुरू होतो. कुणी फळावर टिचक्या मारतं, कुणी ते कानाशी धरतं, कुणी देठ खाजवून पाहतं, कुणी दोन्ही तळव्यांत दाबून कर्रकर्र आवाज येतो का ते ऐकतं. मग विक्रेत्याकडे बघून तोच प्रश्न येतो, "गोड निघेल ना?" आणि उत्तरही ठरलेलं, "साखर आहे साखर, कापून देऊ?"

या विधीत खरं किती आणि नुसता सराव किती, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. पण कर्जत-खालापूरच्या शेतांतून आणि हातगाड्यांवरून विचारत हिंडलो, कापलेल्या फळांच्या नोंदी वहीत ठेवल्या आणि मिळेल ते वाचलं. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आपण ज्या खुणा पाहतो त्यांतल्या बहुतेक खऱ्या असतात, पण चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या फळावर वापरल्या जातात. शेतातली खूण बाजारात आणली जाते आणि खरबुजाची खूण कलिंगडाला लावली जाते.

आधी कलिंगड आणि खरबूज यांचं नातं पाहायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात ज्याला टरबूज म्हणतात तेच आपलं कलिंगड. ते मूळचं आफ्रिकेतलं. सुदानच्या कोर्दोफान भागातलं एक पांढऱ्या गराचं कलिंगड हे आजच्या गोड कलिंगडाचं सर्वांत जवळचं नातेवाईक असल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आलं. खरबुजाचं कूळ वेगळं. ते काकडीच्या जवळचं, आणि त्याच्या असंख्य जाती आपल्या देशात शेकडो वर्षं रुजलेल्या आहेत. कोकणातला चिबूड हा त्याच कुळातला. मोल्सवर्थच्या कोशात कलिंगडही आहे आणि चिबूडही. दोघेही जुने, पण पिकण्याची दोघांची रीत अगदी निराळी.

खरबूज आणि चिबूड पिकायला लागले की इथिलीन नावाचा वायू सोडतात. आंबा आणि केळंही तेच करतात. या वायूमुळे पेशींच्या भिंती सैल होतात, सुगंधी द्रव्यं तयार होतात, साल पिवळी पडते आणि देठाजवळ एक पडदा तयार होऊन फळ आपोआप वेलापासून सुटतं. म्हणून जाळीदार खरबूज निवडताना नाक कामाला येतं. देठाच्या जागी स्वच्छ, गोल, वाटीसारखा खळगा असेल तर फळ आपणहून सुटलेलं आहे. तिथे वेलाचा तुकडा चिकटलेला असेल तर ते कापून काढलेलं आहे. अशा फळाचा वास घरी दोन दिवस ठेवल्यावर वाढेल आणि गर मऊ होईल, पण साखर वाढणार नाही. सगळ्याच खरबुजांना हे लागू नाही. गुळगुळीत सालीच्या काही जाती पिकल्या तरी वेल सोडत नाहीत आणि फारसा वासही देत नाहीत.

कलिंगडाचं असं नाही. पिकताना त्यात इथिलीनची लाट येत नाही. ते वेलाला लागून असतं तोवरच साखर साठवतं. विळा लागला की तो हिशेब तिथेच बंद. आंब्यासारखं अढीत घालून कलिंगड पिकवता येत नाही. गंमत म्हणजे रंग मात्र तोडणीनंतरही थोडा वाढतो. कलिंगडाला लाल करणारं द्रव्य लायकोपीन, आणि फ्रीजबाहेर ठेवलेल्या अखंड फळात ते आणखी तयार होत राहतं. त्यामुळे अर्धकच्चं तोडलेलं फळ चार दिवसांनी कापलं तर आतून बऱ्यापैकी लाल दिसू शकतं आणि चवीला पाण्यासारखं लागतं. 'लालभडक निघालं पण गोडी नाही' या तक्रारीचं हे मोठं कारण. लाली आणि गोडी फळात एकत्र वाढतात, पण दोन्हींची यंत्रं वेगळी आहेत.

म्हणजे फळ गोड निघणार की नाही याचा निर्णय हातगाडीवर होतच नाही. तो तोडणीच्या दिवशी शेतात झालेला असतो. आपण फक्त त्या निर्णयाच्या खुणा वाचत असतो.

तो शेतात कसा होतो ते पाहू. आपल्याकडे पावसाळी भात निघाला की जमिनीत ओल राहते. त्या ओलीवर वाल होतो. ज्याच्याकडे विहीर, ओढा किंवा कालव्याचं पाणी आहे तो नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान काकडी किंवा कलिंगड लावतो. कर्जत तालुक्यात राजनाल्याचा कालवा आहे. त्याचं पाणी येतं ते घाटावरून. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरात पडतं, तिथे वीज निर्माण करतं आणि मग शेतांकडे वळतं. भिवपुरीचं वीजघर १९२२चं. खोपोलीचं त्याआधीचं, १९१५चं. तिथून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं आणि खालापूरच्या बाजूला उपयोगी पडतं. मुंबईच्या गिरण्यांसाठी केलेली योजना आणि तिच्या उरलेल्या पाण्यावर आमची उन्हाळी शेती, असा हा शंभर वर्षांचा योगायोग आहे. राजनाल्यावरचं मुख्य पीक उन्हाळी भात. कलिंगड त्याच्या कडेकडेनं येतं.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या पाठीशी इवलंसं हिरवं फळ आधीपासूनच असतं. त्यावरून ते ओळखता येतं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी पुरेसे परागकण आणले तर फळ धरतं. कमी आणले तर ते वाकडं, एका बाजूला दबलेलं वाढतं किंवा गळतं. फूल उमलल्यापासून साधारण ३० ते ४० दिवसांत फळ पक्व होतं. जात आणि थंडी यांवर दिवस मागेपुढे होतात.

फळ धरलेल्या पेऱ्यावर एक स्प्रिंगसारखी वळलेली तार असते. तिला शेतकरी बाळी म्हणतात. फळ पक्व झालं की त्याच्या देठाजवळची बाळी वाळून तपकिरी होते. सगळ्या खुणांत अनुभवी शेतकऱ्याचा सर्वाधिक विश्वास हिच्यावर. मात्र ती त्याच फळाजवळची पाहावी लागते. रोगानं किंवा पाणी कमी पडल्यानं सगळा वेलच सुकत असेल तर बाळीही खोटं बोलते.

बाजारात बाळी नसते. तरी गिऱ्हाईक देठ वाळलाय का ते पाहतं. वाळलेला देठ म्हणजे पिकलेलं फळ, असा समज पक्का आहे. खरं तर देठ तोडल्यानंतर वाळायला लागतो. ठाण वाळलेला देठ सांगतो की फळ तोडून बरेच दिवस झाले, एवढंच. कच्चं तोडून आठवडाभर उन्हात ठेवलेल्या कलिंगडाचाही देठ सुंदर वाळलेला असतो. एका विक्रेत्या मावशींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "काका, बाळी शेतात राहिली, हितं देठ बघून काय कळणार?"

आता आवाज. कच्चं कलिंगड टणटण वाजतं आणि पिकलेलं बदबद, हे शेतकऱ्यांचं निरीक्षण खरं आहे आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. टिचकी मारली की अख्खं फळ थरथरतं. गर घट्ट असेल तर थरथर जलद, म्हणजे आवाज उंच. पिकताना पेशींच्या भिंती सैल होतात, घट्टपणा कमी होतो आणि आवाज खाली येतो. फळांच्या घट्टपणाचा अंदाज आवाजावरून घेणारी यंत्रंही याच तत्त्वावर बनवली गेली आहेत.

पण आवाज केवळ घट्टपणावर ठरत नाही. आकारावरही ठरतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. गर सारखाच घट्ट असलेली दोन फळं घ्या, एक दोन किलोचं आणि एक चार किलोचं. मोठं फळ खालच्या सुरात वाजेल. किती खाली? वजन दुप्पट झालं की कंपनसंख्या साधारण पाचव्या हिश्शानं कमी होते. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर लहान फळ शुद्ध गंधारावर बोललं तर मोठं षड्जावर बोलेल. आणि वजन आठपट झालं तर पूर्ण सप्तकाचा फरक पडेल. म्हणजे ढिगातलं सर्वांत मोठं कलिंगड कच्चं असूनही त्याच्या शेजारच्या छोट्या पिकलेल्या फळाइतक्याच खालच्या सुरात वाजू शकतं. एकच फळ उचलून त्यावर टिचकी मारून मान डोलावण्यात काही अर्थ नाही. एकाच जातीची, जवळपास एकाच आकाराची चार-पाच फळं ओळीनं वाजवली तर मात्र कानाला फरक कळतो. पट्टीचे विक्रेते तेच करतात. ढिगाच्या एका थरावरून बोट फिरवत जातात, एखादं बाजूला काढतात.

खूपच पोकळ, खोक्यासारखा आवाज आला तर ते फळ ठेवून द्यावं. एक तर ते जास्त पिकून आतून भुसभुशीत झालेलं असतं किंवा आत मध्यभागी भेग पडलेली असते. परागीभवन नीट झालं नाही आणि नंतर फळ झपाट्यानं वाढलं की अशी भेग पडते. तळव्यांत दाबून कर्रकर्र ऐकण्याची पद्धत तर मला अजिबात पसंत नाही. तो आवाज आतला गर फाटण्याचा असतो. आपण घेतलं नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाला ते फाटलेलं फळ मिळतं.

वजनाची गोष्ट अर्धी खरी आहे. 'हाताला जड लागेल ते घ्या' असं सांगतात. कलिंगड पाण्यात तरंगतं, म्हणजे त्याची घनता पाण्याहून थोडी कमीच असते. आतून पोकळ किंवा सुकत चाललेलं फळ आकाराच्या मानानं हलकं लागतं. म्हणून जडपणा पोकळ फळ वगळायला उपयोगी. पक्वता मात्र त्यानं सिद्ध होत नाही, कारण कच्चं, घट्ट फळही जडच असतं.

बाजारात उभं राहून पाहता येण्यासारखी, माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बूड. फळ ज्या बाजूवर जमिनीला टेकलेलं असतं तिथे ऊन पोचत नाही, हिरवेपणा येत नाही. कच्च्या फळाचा हा डाग पांढरा किंवा पांढरट हिरवा असतो, पक्व फळाचा लोण्यासारखा पिवळसर. देठ तोडल्यावर खोटा वाळतो, आवाज आकारानं बदलतो, पण हा डाग शेतात वेलावर घालवलेल्या दिवसांची नोंद असतो. आता बहुतेक शेतकरी प्लॅस्टिकच्या मल्चिंगवर लागवड करतात, त्यामुळे डागावर माती नसते, पण डाग पडतोच. विक्रेते फळं मांडताना डाग खाली ठेवतात. त्यात लबाडी नसते, हिरवी बाजू दिसायला छान. "दादा, जरा उलटं करून दाखवा" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. पिवळ्या सालीच्या नव्या जातींना मात्र ही खूण लावता येत नाही. तिथे कान आणि विक्रेत्याचा शब्द एवढंच उरतं.

सालीची चमक ही त्याला जोडून. वाढत्या फळाची साल तुकतुकीत असते, पक्व झालं की ती मंद पडते. शुगर बेबीसारख्या काळपट हिरव्या, गोल जातीत हे चटकन दिसतं. पूर्वी आमच्याकडे शुगर बेबी आणि असाही यामातो ही नावं ऐकू यायची. पहिलं अमेरिकेतून आलेलं, दुसरं जपानमधून. बंगळूरूच्या संशोधन संस्थेनं काढलेलं अर्का माणिकही काही जण लावत. आज ढिगात बहुतेक लांबट, गडद हिरव्या संकरित जाती दिसतात. त्या लवकर तयार होतात, साल प्रवासाला टिकते आणि गर एकसारखा लाल असतो.

लांबट आणि गोल यावरून मोबाइलवर एक संदेश दर उन्हाळ्यात फिरतो. लांबट कलिंगड नर आणि पाणचट, गोल कलिंगड मादी आणि गोड. वर सांगितलंच आहे, फळ फक्त मादीफुलाला धरतं, नर कलिंगड अशी वस्तूच नाही. आकार जातीवर ठरतो. त्याच संदेशाचा दुसरा भाग असा, की सालीवर जितक्या तपकिरी जाळीदार खुणा तितकं फळ गोड, कारण त्या मधमाश्यांच्या स्पर्शाच्या खुणा. मधमाशी फुलावर बसते, फळावर नाही. त्या खुणा कोवळेपणी सालीला झालेल्या इजेच्या किंवा पानं-वेल घासल्याच्या. मधमाश्यांचं काम पाहायचंच असेल तर फळाचा आकार पाहा. सगळीकडून सारखं भरलेलं फळ म्हणजे परागीभवन चांगलं झालेलं.

या निरुपद्रवी समजुती झाल्या. त्यांच्या शेजारी एक उपद्रवी अफवा आहे, ती म्हणजे कलिंगडाला लाल रंगाची आणि साखरेची सुई टोचतात. विचार करून पाहावा. तोडलेल्या फळात रस फिरवणारी कुठलीही यंत्रणा चालू नसते. टोचलेला रंग टोचल्या जागी डबकं करून राहील, पाच किलोच्या फळात सारखा पसरणार नाही. टोचलेल्या छिद्रातून जंतू शिरून उन्हाळ्यात ते फळ लवकरच आंबेल. आणि शेकडो फळांना एकेक करून टोचत बसण्याची मजुरी कुठल्या भावात बसेल? अन्न सुरक्षा प्राधिकरणानं रंगाची भेसळ ओळखायला कापसाची चाचणी सुचवलेली आहे. कापलेल्या फोडीवर कापूस घासायचा आणि तो लालभडक होतो का ते पाहायचं. शंका असेल त्यानं ती जरूर करावी. पण खऱ्या रसानंही कापूस किंचित गुलाबी होतो, तेवढ्यावरून व्हिडिओ काढून गावभर पाठवू नये. २०२५च्या उन्हाळ्यात तामिळनाडूत अशाच चर्चेनं मागणी घसरली, भाव कोसळले आणि शेतकऱ्यांना निषेधाला उभं राहावं लागलं.

कलिंगडाच्या शेतकऱ्याकडे थांबायला वेळ नसतो. कांदा चाळीत राहतो, भात कणगीत राहतो, कलिंगड आठ-पंधरा दिवसांत विकलं गेलं नाही तर संपलं. २५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली तेव्हा कोकणात तोडणी ऐन भरात होती. ज्यांनी टेम्पो मिळवून दारोदार विकली त्यांचं थोडं निभावलं, बाकीच्यांची फळं शेतात कुजली. बियाणं, मल्चिंग, ठिबक, खतं हा खर्च आधीच झालेला असतो.

याच घाईतून कच्चं फळ बाजारात येतं, आणि त्याला एक दिनदर्शिकेचं कारणही आहे. रमजानमध्ये इफ्तारला कलिंगड आणि खरबूज लागतं, मागणी एकदम वाढते. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला होता, २०२६मध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. फेब्रुवारीत आमच्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी रात्री गार असतात, फळ पिकायला चार-सहा दिवस जास्त लागतात. भाव मात्र आज आहे. शेतावर आलेला व्यापारी सगळं शेत एका दिवसात तोडायला सांगतो, कारण टेम्पो भरायचा असतो. वेलावरची सगळी फळं एका दिवशी पक्व होत नाहीत. पहिली तोडणी, मग पाच-सहा दिवसांनी दुसरी, ही जुनी पद्धत परवडेनाशी झाली आहे. एका ढिगात एक फळ अमृत आणि शेजारचं भोपळा निघतं ते यामुळे. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नसतो. त्यानंही ढीगच घेतलेला असतो.

तोडणीआधी काही दिवस पाणी तोडण्याचाही इथे संबंध आहे. पाणी कमी केलं की गोडी वाढते, वजन थोडं घटतं. माल किलोवर जाणार असेल तर वजन घटवणारा शेतकरी स्वतःचंच नुकसान करून घेतो, कारण गोडीचा वेगळा भाव त्याला कुणी देत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक असलेला, रस्त्याकडेला स्वतःची फळं विकणारा शेतकरीच पाणी तोडायची हिंमत करतो. म्हणून खालापूर-कर्जतकडे येणाऱ्यांना मी सांगतो, आधी विचारा, "शेत कुठलं?" गावाचं नाव झटकन आलं, तोडणी कधीची तेही सांगितलं, तर तिथे थांबा. ढीग वाशीच्या बाजारातून आला असेल तर तेही बहुतेक जण सरळ सांगतात. मग बूड पाहा, एकसारख्या आकाराची चार फळं वाजवा, उचलून पाहा.

एवढं करूनही शंका उरली तर कापून घ्यावं. त्रिकोणी फोड काढून दाखवण्याची रीत हळूहळू कमी होते आहे, कारण गिऱ्हाईक 'नको' म्हणालं तर कापलेलं फळ विक्रेत्याच्या गळ्यात पडतं. त्या फोडीचं टोक फळाच्या मध्याजवळचं असतं, म्हणजे सर्वांत गोड भागाचं. चव घ्यायची तर टोक खाऊन न थांबता सालीकडचा भागही चाखावा. तोही गोड असेल तर फळ पूर्ण पक्व आहे.

चिबडाला यातलं काहीच लागत नाही. तो पावसाळ्यात वरकस जमिनीत, नाचणी-वरीच्या सोबतीनं वाढतो आणि भाद्रपदात तयार होतो. पिकला की पिवळा होतो, आपणहून तडकतो आणि चार हातांवरून वास येतो. फ्रीज, टेम्पो, वाशी यांतलं काही त्याला सोसत नाही, म्हणून त्याचा बाजार गावापुरताच राहिला. त्याचं बी मात्र घरचं असतं. चांगल्या फळाचं बी राखेत घोळवून ठेवलं की पुढच्या वर्षी तसंच फळ येतं, जे संकरित कलिंगडाच्या बाबतीत होत नाही. गणपतीच्या दिवसांत ठाकूर बाया पाटीतून चार-सहा चिबूड घेऊन कर्जतला येतात. वाटेतच तडकलेला असेल तो आधी मागून घ्यावा, घरी येताच गूळ आणि नारळाचं दूध घालून खावा. सकाळी नऊच्या आत गेलं नाही तर पाटी रिकामी झालेली असते.